खाली एक ओळ शादलियाची

आमच्या दवाखान्यात पेशंटना नावाने हाक मारायचं काम शादलियाकडे होतं. मी आत, डॉक्टर लसाद यांच्या हाताशी. ती बाहेर, टेबलामागे, फोन आणि कॉम्प्युटर सांभाळत. दातांचा दवाखाना असला तरी आमच्याकडे घाईगर्दी अशी कधी नसायची. डॉक्टर म्हणायचे, "आमच्या या स्फाक्स शहरातली माणसं एक दात दुखला तर येत नाहीत. दुसरा दुखेपर्यंत थांबतात, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं होतात."

शादलिया उंच, किंचित वाकून चालणारी. केस कायम एकाच पिवळ्या क्लिपमध्ये. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "बाबांना विचारा." आणि तिच्या बाबांना कमी ऐकू यायचं. बापलेक दोघंच राहायचे, मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर.

दुपारी जेवणानंतर दवाखाना रिकामा असे. त्या रिकाम्या वेळात तिने इंटरनेटवर स्वतःचं एक पान उघडलं होतं. लोक आपापलं लिहून टाकतात, फोटो लावतात, आणि एकमेकांचं उचलून आपल्या पानावर ठेवतात, तशा एका साइटवर. पानाला तिने नाव दिलं होतं 'शेजार'. त्या पानावर तिचं स्वतःचं काहीही नव्हतं. सगळं दुसऱ्यांचं. ओरानमधल्या एका बस कंडक्टरच्या गमती, बगदादच्या एका बाईने लिहिलेल्या लोणच्याच्या भानगडी, कुणा विद्यार्थ्याने रडत रडत लिहिलेलं घर सोडतानाचं वर्णन. शादलिया ते शोधायची, वाचायची, पुन्हा वाचायची आणि मग आपल्या पानावर आणायची. लिहिणाऱ्याचं नाव ठळक. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ. फक्त एक.

मी एकदा विचारलं, "एवढं काय वाचतेस गं परत परत? बटण दाबायचं आणि पुढे जायचं."

"अगं, घरात कुणाला आणायचं म्हणजे आधी त्याच्याशी दोन शब्द बोलायला नकोत का?"

दुसऱ्याचं नाव कापून स्वतःच्या नावावर खपवणारे त्या साइटवर पैशाला पासरी होते. त्यांच्यावर तिचा भारी राग. कुठे असं दिसलं की ती, एरवी मुंगीलाही वाट देणारी बाई, तिथे जाऊन लिहून यायची: "हे तुमचं नाही. ज्याचं आहे त्याचं नाव लावा." लोक शिव्या घालायचे. ती वाचायची, चष्मा पुसायची आणि पुढचं नाव पुकारायची.

तिच्या भावाची मुलगी युसरा कॉलेजात होती. ती स्वतः व्हिडिओ करायची, हजारो लोक बघायचे. आत्याचं पान तिला अजिबात आवडायचं नाही. दातांची तार आवळून घ्यायला ती महिन्यातून एकदा आमच्याकडे यायची आणि तोंड उघडायच्या आधी आत्याला दोन टोमणे मारून घ्यायची.

"आत्या, अगं किती वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार? तुझ्या पानावर तुझं काय आहे सांग."

"पान आहे ना माझं."

"पान! आणि वर वाढलेलं सगळं उष्टं."

"उष्टं कशाने? मी खाल्लेलं नाही गं, वाढतेय."

"तेच ते. कधीतरी स्वतः रांध की."

डॉक्टर आतून ओरडायचे, "युसरा, तोंड इकडे आणून उघड! तिथे फुकट जातंय."

पण हे टोमणे शादलियाला लागायचे. एकदा तिने खरंच स्वतःचं लिहिलं. बाबांच्या लाल टोपीवर, चार-पाच ओळी. सकाळी पानावर टाकलं आणि दिवसभर दर दोन पेशंटमागे उघडून बघत राहिली. मी पसंतीची खूण केली, युसराने केली, आणखी कुणी एकाने केली. संध्याकाळी बघितलं तर ते पानावर नव्हतं.

"काढलंस का गं? चांगलं होतं."

"चांगलं होतं गं. पण माझाच आवाज मला ऐकू येत होता सारखा. टोपी दिसेचना."

त्यानंतर ती परत आपल्या शेजाऱ्यांकडे वळली.

त्या सगळ्या शेजाऱ्यांत तिची सगळ्यात लाडकी होती 'बेटवाली'. खरं नाव माहीत नाही, फोटो नाही. समोरच्या करकना बेटांवर राहणारी, कोळ्याची बायको, एवढं लिखाणावरून कळायचं. समुद्राबद्दल लिहिताना तिने कधी समुद्राचं कौतुक केलं नाही. नवऱ्याच्या बुटांतून येणाऱ्या वासाबद्दल लिहायची. मातीच्या घड्यात शिरलेला ऑक्टोपस बाहेर यायला तयार नाही आणि नवरा त्याच्याशी मेहुण्याशी बोलावं तसं अजीजीने बोलतोय, असलं लिहायची. सासू सुनेला मासा खारवायला शिकवते आणि दर वेळी मीठ वेगळंच सांगते. नवरा आयुष्यात एकदाही गोड शब्द बोलला नाही, फक्त एकदा, मेहुणीच्या लग्नात पंगतीत बसल्यावर वाकून म्हणाला, "तुझ्या हातचं यापेक्षा बरं असतं." बेटवालीने खाली लिहिलं होतं, "ही माझ्या आयुष्यातली कविता. जपून ठेवली आहे."

शादलिया हे मला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसायचो. बेटवालीचं नवीन काही आलं की शादलियाच्या पानावर ते लगेच यायचं, खाली तिची एक ओळ घेऊन. शादलियाचे वाचक बरेच होते. कुठकुठले लोक बेटवालीला तिच्यामुळेच वाचायला लागले. दोघींचं आपसात बोलणं मात्र नव्हतंच. कधी बेटवाली त्या ओळीखाली एक छोटं फूल ठेवून जायची, तेवढंच.

मग एका वसंतात बेटवालीचं पान नाहीसं झालं. बंद नाही, नाहीसं. तिथे गेलं की साइट सांगे, असं कुणी इथे राहत नाही.

शादलियाचा चेहरा बघवेना. दिवसभर पेशंटची नावं चुकवत होती. "आजारी असेल का गं? का घरच्यांनी काही केलं? का मीच काही वेडंवाकडं लिहिलं?" पण तिच्या स्वतःच्या पानावर बेटवालीचं सगळं लिखाण होतं तसं होतं. त्या साइटची रीतच तशी: एकाचं दुसऱ्याने उचलून ठेवलं की पहिल्याने घर मोडलं तरी दुसऱ्याकडचं राहतं. बेटवालीचं जेवढं म्हणून जगात उरलं होतं, ते आता 'शेजार'मध्येच होतं. लोक तिथे येऊन विचारायचे, कुठे गेली ती? शादलिया प्रत्येकाला उत्तर द्यायची: "मला माहीत नाही. मीही वाट बघते आहे."

हिवाळा लागता लागता तिला निरोप आला. नाव अनोळखी. मजकूर एवढाच:

"तुमच्या पानावर माझं लिखाण आहे. ते सगळं काढून टाका. बेटवाली."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. शादलियाने फोन माझ्यापुढे धरला.

योगायोगाने युसरा तारेसाठी आलेली होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "काढायचं नाही! आत्या, नियमात नाही ते. एकदा तिने जगासमोर मांडलं, तू नाव लावून ठेवलंस, विषय संपला."

डॉक्टरही हातमोजे काढत बाहेर आले. "शादलियाबाई, मुलगी बरोबर बोलतेय. तुमचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही हो डॉक्टर. पण एखादी बाई घर सोडून जाताना शेजारणीकडे पेटी ठेवून गेली आणि नंतर मागायला आली, तर शेजारणीने नियम दाखवायचा का?"

"पण आत्या," युसरा म्हणाली, "तिने ठेवायला दिलीच कुठे? तूच उचलून आणली होतीस."

पोरीच्या मनात वाईट नव्हतं, पण ते वाक्य शादलियाच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस गेले. मग तिने बेटवालीला उत्तर लिहिलं. मला दाखवून पाठवलं: "काढते. तुमचं आहे, तुमच्याच शब्दाने जाईल. पण पुसायच्या आधी एकदा तुम्हाला भेटायला आले तर चालेल का? मी स्फाक्सलाच, दातांच्या दवाखान्यात असते."

उत्तर यायला बरेच दिवस लागले. "या. पण घरात सासूबाई असतात. त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्यासमोर बोलू नका."

"रौधा, तू चल माझ्याबरोबर," शादलिया मला म्हणाली. "एकटीचा धीर होत नाही."

रविवारी सकाळच्या फेरीबोटीने आम्ही निघालो. बोटीवर नेहमीसारख्या भाज्यांच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या, एक आख्खं कपाट, आणि सुट्टीला घरी निघालेली पोरं. वारा होता. शादलियाने बदामाच्या मिठाईचा डबा मांडीवर धरला होता. मधेच म्हणाली, "अगं, तिला काय म्हणायचं? बेटवाली म्हणून हाक कशी मारू?"

धक्क्यावर ती आली होती. चाळिशीची, बुटकी, काळ्या शालीत. शाल काळी बघूनच आम्ही समजलो. तिनेही आमचे चेहरे वाचले.

"उनीसा," तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "रमजानच्या आधी गेला. सहबी." नवऱ्याचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. लिखाणात तो नुसता 'माझा माणूस' असायचा.

शादलियाने तिला जवळ घेतलं. मिठाईचा डबा मधे अडकला, तरी तशीच धरून राहिली.

घर बैठं, चुन्याचं, अंगणात अंजिराचं झाड आणि कोपऱ्यात रिकाम्या घड्यांची रास. सहबीची आई मन्नाना दारातच उन्हाला बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात एकही दात नाही, पण कान असे की भिंतीपलीकडची मुंगी ऐकतील.

"कोण गं?"

"ओळखीच्या आहेत, आई. स्फाक्सहून आल्यात."

"तुझ्या ओळखीच्या मला माहीत असतात. या नाहीत."

"दवाखान्यातल्या आहेत."

"आता दवाखान्यातले कशाला? जाणारा गेला ना?"

उनीसा आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. चहा आणला, चटईवर बसलो. शादलियाने पिशवीतून फोन काढला.

"तुमच्यासमोरच पुसते. म्हणजे तुमची खात्री राहील."

"पुसा," उनीसा म्हणाली, आणि तोंड दुसरीकडे केलं.

शादलिया एकेक उघडू लागली. बुटांची पोस्ट आली. तिने बोट वर धरलं, पण टेकवेना. पुढे सरकली. ऑक्टोपस आला. पुढे सरकली. मग एका पोस्टवर थांबलीच.

"उनीसा, ही एकदा वाचू का? मोठ्याने? मग पुसते."

उनीसाने मानेने हो म्हटलं. शादलियाने दबक्या आवाजात वाचलं:

"माझा माणूस झोपला की आधी बोट सुरू करतो. इंजिन दोनदा खोकतं, मग पकडतं. धक्का सोडेपर्यंत आवाज मोठा, खोल पाण्यात गेलं की एकसारखा. मधेच इंजिन बंद पडतं. मी उशीवरून डोकं उचलते. घरात कुणी श्वास घेत नाही, मांजरसुद्धा. मग एकदम एक हिसका, आणि बोट पुन्हा चालू. सकाळी विचारते, 'कुठवर गेला होतास?' तर म्हणतो, 'मी? मी तर डोळाही मिटला नाही.'"

खाली शादलियाची स्वतःची ओळ होती. ती तिने वाचली नाही.

उनीसाने शालीचा पदर तोंडात कोंबला होता. मला आधी वाटलं हसतेय. मग ती बोलायला लागली आणि एकदम धबधबा फुटल्यासारखं झालं.

"ह्याच्यासाठीच मोडलं मी सगळं, ह्याच्यासाठीच! तो गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, 'झोपेत श्वास अडकायचा का त्यांचा? किती दिवसांपासून?' काय सांगू मी? मला माहीत होतं ना! मी त्याच्यावर लिहिलं होतं. लोक हसले होते. हृदय बंद पडत होतं माझ्या माणसाचं आणि मी त्यावर टाळ्या घेत होते. घरी आले आणि एका बैठकीत सगळं पुसलं. आणि मग कळलं, तुमच्याकडे अजून आहे. लोक अजून हसतायत."

शादलिया पांढरी पडली. "हसणाऱ्यांत मीही होते," ती म्हणाली. "मी तर दारोदार वाटलं ते. माझ्या घरात वडील तसेच घोरतात, आणि मी तेही गमतीत लिहिलं खाली." तिने फोन हातात घट्ट धरला. "पुसते. आत्ता पुसते."

"परत वाच."

आम्ही तिघी दचकलो. मागच्या दाराच्या पडद्याआड मन्नाना उभी होती, एका हाताने चौकट धरून.

"आई, तुम्ही आत जा बघू—"

"तू गप्प. ए स्फाक्सवाली, परत वाच म्हणते ना. सावकाश वाच."

शादलियाने उनीसाकडे बघितलं. उनीसाने डोळे मिटून घेतले. शादलियाने परत वाचलं, या वेळी मोठ्याने. इंजिन दोनदा खोकतं तिथे म्हातारीच्या दात नसलेल्या तोंडाचा चंबू झाला. बोट पुन्हा चालू झाली तिथे ती हसली, अख्खं अंग हलवून हसली, आणि हसता हसताच तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. ती चटईवर बसली, जवळजवळ पडलीच, आणि उनीसाचा हात चाचपून धरला.

"हे तू लिहिलंस?"

"हो, आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या मुलाला हसत होते मी, आई. त्याचं दुखणं होतं ते आणि मी..."

"दुखणं! अगं वेडे, त्याचा बाप असाच घोरायचा. अशीच बंद पडायची बोट. मी त्याला कोपराने ढोसायचे. म्हातारा पणतू बघून गेला. त्याच्या आधी त्याचा भाऊ तसाच घोरायचा, तो तरुणपणी गेला. कुणाची बोट कुठे थांबायची ते तू ठरवतेस का? मी आई होते ना त्याची? मी त्याला पाळण्यापासून घोरताना ऐकलंय. मी नेलं का डॉक्टरकडे? मग मलाही धर, मलाही फाशी दे."

उनीसाने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. चहा निवून गेला.

मग मन्नानाने आमच्या दिशेने तोंड वळवलं. "आणि तू काय करणार होतीस? पुसणार होतीस?"

"तिनेच सांगितलं होतं, आई," शादलिया म्हणाली.

"पुसायचं नाही. घरात त्याचे फोटो आहेत, ते मला दिसत नाहीत. कपडे धुऊन वाटून टाकले. त्याचा आवाज कुठे राहिलाय सांग? या डबीत तो घोरतोय. घोरू दे त्याला."

त्या दुपारी शादलियाने एकेक करून सगळं वाचलं. म्हातारी मधेमधे दुरुस्त्या करायची. "मीठ मी कधीच वेगळं सांगितलं नाही, ही खोटं लिहिते." पंगतीतल्या वाक्याला म्हणाली, "हा असं बोलला? माझ्या स्वयंपाकाबद्दल तर एक शब्द नाही!" मधे उनीसाची मुलगी शेजारून आली, ती पण दाराला टेकून ऐकत उभी राहिली, मग हळूच आजीला चिकटून बसली.

काही पोस्ट मात्र उनीसाने काढायला लावल्या. नवराबायकोच्या एका भांडणाची होती, आणि एका न जन्मलेल्या बाळाबद्दलची. त्या शादलियाने वाचल्याच नाहीत, उनीसाच्या एका नजरेसरशी पुसून टाकल्या. मला त्यातलं एक पूर्वी ऐकून पाठ आहे. ते मी कुणाला सांगत नाही.

निघताना धक्क्यावर उनीसा म्हणाली, "एक विचारू? तुम्ही तुमची ओळ का नाही वाचली? आज एकदाही नाही."

"ती कसली ओळ. लिखाण तुमचं."

"मी लिहून झालं की झोपायचे नाही, तुमची ओळ येईपर्यंत. कोण काय म्हणतं याने मला फरक पडायचा नाही. तुमची ओळ आली की वाटायचं, हां, पोचलं." तिने शाल सावरली. "घोरण्याच्या खाली तुम्ही लिहिलं होतं, 'आमच्याकडेही रोज बोट निघते. थांबली की मीही डोकं उचलते.' ते वाचून वाटलं होतं, चला, समुद्रापलीकडे आणखी एक बाई जागी आहे."

बोटीवर येऊन बसल्यावर शादलिया रडली, किनारा दिसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने आधी काय केलं असेल तर बाबांना डॉक्टरकडे नेलं. बाबा चिडले. "घोरण्यासाठी डॉक्टर? उद्या शिंकण्यासाठी नेशील!" तपासण्या झाल्या, गोळ्या मिळाल्या, वजन कमी करायला आणि कुशीवर झोपायला सांगितलं. बाबा आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत होते की मुलगी आपल्याला उपाशी मारते आहे. पण आता रात्री बोट कमी वेळा थांबते, असं शादलिया सांगते.

मन्नानाचा हट्ट होता की नातीने रोज वाचून दाखवावं, आणि बेटावर इंटरनेट मनात येईल तेव्हा चालतं. म्हणून उनीसाने सगळं मोठ्या अक्षरात छापून मागितलं. ते काम युसराने अंगावर घेतलं. सगळं 'शेजार'वरून उतरवून घ्यायचं, क्रमाने लावायचं. ती चार दिवस त्यात होती. पाचव्या दिवशी दवाखान्यात आली ती तारेचा दिवस नसताना. टेबलासमोर उभी राहिली. टोमणा नाही, काही नाही.

"आत्या, मी तुझ्या ओळी वाचल्या. एकामागून एक. सगळ्या."

"मग?"

"मग काय. आत्या, अगं हे तुझं लिखाण आहे. वेगळ्या काढल्या ना नुसत्या तुझ्या ओळी, तर एक अख्खं पान होईल. मी करून देते. तुझ्या नावाने. बघ लोक कसे—"

"वेगळ्या काढू नकोस गं."

"अगं पण का?"

"त्या कुणाशी तरी बोलतायत ना. वेगळ्या काढल्यास तर बाई एकटीच बडबडते आहे असं वाटेल." मग तिने युसराच्या गालाला हात लावला. "तू म्हणालीस हे मला पुष्कळ झालं."

युसराने छापून आणलं त्यात प्रत्येक पोस्टखाली शादलियाची ओळ होती. उनीसाची तशी अटच होती. युसराने ती ओळ जरा तिरक्या अक्षरात लावली होती, नाव मात्र दोघींचं सारख्याच आकारात.

उनीसाने पुढे परत पान उघडलं. एवढं हसरं लिहीत नाही आता, पण लिहिते. आणि मधूनमधून दुसऱ्या कुणाचं काही आवडलं तर तेही आणून ठेवते, जे ती आधी कधीच करायची नाही. ती म्हणते, सवय लावली मला त्या स्फाक्सवालीने.

मन्नाना यंदा उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात आली, कवळी बसवायला. डॉक्टर लसादनी पैसे घ्यायचे नाहीत असं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि पैशाला जपणाऱ्या स्फाक्सच्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. बाहेर बाकांवर पाच-सहा पेशंट होते, कुणाचा गाल सुजलेला, कुणी रुमाल दाबून बसलेलं. म्हातारी उनीसाचा हात धरून आली आणि थेट शादलियाच्या टेबलाला टेकून बसली.

"आहेस का?"

"आहे, आई. तुमचा नंबर लागायला वेळ आहे अजून. सहबीचं वाचू का काही?"

"नको. ते मला पाठ झालं. पोरगी रोज वाचते." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "आज दुसऱ्या कुणाचं वाच. तुझ्याकडे पुष्कळ लोक आहेत म्हणे."

"कुणाचं वाचू?"

"मला काय माहीत? तू निवड. चांगलं माणूस बघ म्हणजे झालं."

शादलियाने चष्मा लावला, फोन उघडला. बराच वेळ अंगठ्याने वरखाली करत राहिली. मी आतून लाळ ओढायची नळी हातात घेऊन दारात आले होते. डॉक्टरही माझ्यामागे येऊन उभे राहिले. खुर्चीवरचा पेशंट तोंडात कापूस घेऊन तसाच पडलेला.

"ओरानला एक बस कंडक्टर आहे," शादलियाने सुरुवात केली. "त्याच्या बसमध्ये एक बाई रोज कोंबडी घेऊन चढायची आणि कोंबडीचं तिकीट काढायला नाही म्हणायची..."

"बरोबर आहे तिचं," म्हातारी म्हणाली. "पुढे?"

गाल सुजलेला माणूस बाकावर थोडा पुढे सरकला.